वाडा उघडल्यानंतर



मागच्या उन्हाळ्यात मी तीन महिने लेकीकडे अमेरिकेत राहून आले. तिचं घर नेवाडा राज्यात, रेनो शहराजवळ आहे. सगळा कोरडा मुलूख. उघडे डोंगर आणि त्यांवर करड्या रंगाची, गुडघाभर उंचीची खुरटी झुडपं. गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत पाणी गाळत उभी होते, तर समोरच्या उतारावर सात-आठ घोडे चरताना दिसले. अंगावर लगाम नाही, पायात नाल नाही, जवळ राखणदार नाही. एक शिंगरू आईच्या पोटाला चिकटून उभं होतं.

"कुणाचे गं हे?" मी विचारलं.

"कुणाचेच नाहीत, आई. म्हटलं तर सगळ्यांचे."

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण 'सगळ्यांचं' हा शब्द ऐकला की अजून माझ्या मनात पहिला प्रश्न तोच येतो: मग खर्च कुणाच्या नावावर पडतो? त्या एका प्रश्नामागे मी तीन महिने वाचत राहिले. ही गोष्ट घोड्यांची आणि गाढवांची आहे, पण आपण ज्याला जीवदया म्हणतो तिचीही आहे. म्हणून तुम्हाला सांगते.

घोड्याचं मूळ घर अमेरिकाच. त्याचे पूर्वज तिथेच लाखो वर्षं वाढले, तिथूनच आशियात पसरले. पण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी अमेरिकेतले घोडे नामशेष झाले. ते परत आले स्पेनच्या जहाजांतून. १५१९ मध्ये कोर्तेझ मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर सोळा घोडे होते. पुढे स्पॅनिश वसाहतींतून घोडे तिथल्या मूळ रहिवाशांकडे गेले, काही सुटले, काही सोडून दिले गेले. गाढवंही स्पॅनिश लोकांनीच आणली. त्यांना तिकडे अजूनही 'बरो' या स्पॅनिश नावानेच ओळखतात. १८५९ मध्ये रेनोजवळच्या व्हर्जिनिया सिटीत चांदीची मोठी खाण सापडली. तशा खाणींच्या मागे फिरणारे लोक आपलं सामान गाढवांवर लादून डोंगर पालथे घालत. खाण संपली, रस्ते आले, मोटारी आल्या, की गाढवाचं काम संपे. मग कोण पोसणार? सोडून द्यायचं. शेतावरचे घोडेही ट्रॅक्टर आल्यावर असेच मोकाट सोडले गेले.

म्हणजे बघा, आपण ज्यांना 'रानटी घोडे' म्हणतो ते खरं तर माणसाने कामापुरते वापरून टाकून दिलेल्या जनावरांचे वंशज आहेत. वाघ-हरणांसारखे ते अनादि काळापासून त्या रानात नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेच्या पश्चिम भागात सरकारी जमीन अफाट आहे. एकट्या नेवाडात दर शंभर एकरांतले ऐंशी एकर केंद्र सरकारचे. या जमिनीवर पशुपालक आपल्या गाई-मेंढ्या चारत. चरून चरून जमीन उजाड व्हायला लागली तेव्हा १९३४ मध्ये कायदा झाला: चराईचे पट्टे आखायचे, परवाने द्यायचे, फी घ्यायची. चारा मोजून वाटायला लागल्यावर मोकाट घोडा हा फुकट खाणारा ठरला. त्याच काळात कोंबड्यांचं खाद्य आणि कुत्र्या-मांजरांचं डबाबंद अन्न बनवणारे कारखाने वाढले. घोड्याच्या मांसाला गिऱ्हाईक मिळालं. विमानं खाली आणून घोड्यांना डोंगरातून पळवत उघड्यावर आणायचं, तिथे ट्रकवरून फास टाकायचे, फासाला जड टायर बांधलेला असायचा म्हणजे घोडा ओढून ओढून दमेल, आणि मग तसाच ट्रकमध्ये कोंबायचा. सगळं कायदेशीर होतं.

१९५० साली एका सकाळी रेनोकडे कामावर निघालेल्या एका बाईच्या गाडीपुढे असाच एक ट्रक होता. त्यातून रक्त गळत होतं. ती मागे मागे गेली. ट्रक थांबला तिथे तिने पाहिलं, की आत रक्तबंबाळ घोडे दाटीवाटीने भरले आहेत आणि त्यांना कत्तलखान्यात नेत आहेत.

तिचं नाव व्हेल्मा जॉन्स्टन. विम्याच्या कचेरीत सेक्रेटरी होती. लहानपणी पोलिओ झालेला, महिनोन् महिने प्लॅस्टरच्या साच्यात काढलेले, त्यात चेहरा आणि अंग वाकडं झालेलं. मूलबाळ नाही. नवऱ्याबरोबर छोटंसं शेत सांभाळायची. पुढारी नाही, श्रीमंत नाही.

हे वाचताना मला आपले नेमिनाथ भगवान आठवल्याशिवाय कसे राहतील? वरात निघालेली, राजुल वाट पाहते आहे, आणि वाटेत वाड्यात कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश कानावर येतो. ते सारथ्याला विचारतात, हे कशासाठी कोंडले आहेत? लग्नाच्या जेवणासाठी, हे उत्तर ऐकून रथ वळवतात. आपण ही कथा किती वेळा ऐकली आहे. व्हेल्माबाईंनी ती ऐकली नसणार. पण त्या ट्रकमागे त्यांनी गाडी वळवली, आणि नंतरची सत्तावीस वर्षं, मरेपर्यंत, ती सरळ घरी नेली नाही.

त्यांनी पहिलं काम केलं ते आपल्या स्टोरी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. १९५२ मध्ये व्हर्जिनिया सिटीत सभा झाली आणि त्या काउंटीत विमानाने घोडे पकडायला बंदी आली. विरोधकांनी त्यांना हिणवून 'वाइल्ड हॉर्स ॲनी' म्हणायला सुरुवात केली. त्यांनी तेच नाव उचललं आणि मिरवलं. १९५५ मध्ये नेवाडा राज्याचा कायदा झाला, पण तो केंद्र सरकारच्या जमिनीला लागू नव्हता, आणि घोडे तर बहुतेक तिथेच. मग त्यांनी देशभर पत्रं लिहिली. शाळेतल्या मुलांना लिहायला सांगितलं. मुलांनी खासदारांच्या टपालाचे ढीग लावले. १९५९ मध्ये केंद्राचा कायदा आला: सरकारी जमिनीवर विमान किंवा मोटार वापरून मोकाट घोड्यांचा पाठलाग करायचा नाही, पकडण्यासाठी पाणवठे विषारी करायचे नाहीत. तो कायदा आजही त्यांच्या टोपणनावाने ओळखला जातो.

तरी पकडणं चालूच राहिलं, कारण बंदी पद्धतीवर होती, पकडण्यावर नव्हती. आणखी बारा वर्षं गेली. पुन्हा मुलांची पत्रं, पुन्हा साक्षी. अखेर १९७१ च्या डिसेंबरमध्ये मोठा कायदा झाला. संसदेच्या दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत पडलं नाही. सरकारी जमिनीवरचे मोकाट घोडे आणि गाढवं यांना पकडणं, छळणं, मारणं हा गुन्हा ठरला. ही जनावरं त्या भूमीच्या इतिहासाची जिवंत खूण आहेत, असं कायद्याने म्हटलं आणि त्यांची जबाबदारी सरकारी खात्यांवर टाकली. मुख्य जबाबदारी आली 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या जमिनीच्या खात्याकडे.

आपल्या शास्त्रात चार दानं सांगितली आहेत: आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. एका देशाने आपल्या मोकाट जनावरांना कायद्याने अभयदान दिलं, असंच मी याला म्हणेन. इथे गोष्ट संपली असती तर मी ती आनंदाने पर्युषणात सांगितली असती.

पण गोष्ट इथून सुरू होते.

कायदा झाला तेव्हा खात्याच्या अंदाजाने घोडे आणि गाढवं मिळून सुमारे २५ हजार जनावरं होती. घोड्यांचा कळप वर्षाला पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढतो. तुम्ही म्हणाल, वीस टक्के म्हणजे काय मोठंसं. मैत्रिणींनो, ही चक्रवाढ आहे. बँकेतली ठेव सात टक्क्यांनी दहा वर्षांत दुप्पट होते. पंधरा-वीस टक्क्यांनी चार-पाच वर्षांत. २५ हजारांचे ५० हजार, ५० हजारांचे लाख, पंधरा वर्षांत दोन लाख. आणि चारा? तो सरळव्याजानेसुद्धा वाढत नाही. त्या मुलखात पाऊसच मुळात आठ-दहा इंच. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात असतात, त्यामुळे तो गवत पार बुडख्याशी कापतो. डोंगरातला झरा एकदा कळपांच्या खुरांनी तुडवून चिखल केला, की हरणं, रानमेंढ्या, पक्षी, सगळ्यांचंच पाणी जातं. लांडगे तिथून कधीच संपवले गेले होते. काही ठिकाणी प्यूमा नावाचं मोठं रानमांजर शिंगरांना मारतं, पण एकंदरीत घोड्याला शत्रू नाही.

यावर घोडेप्रेमी एक प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. खात्याकडे २४ कोटी एकरांहून जास्त जमीन. त्यातली सुमारे साडेपंधरा कोटी एकर गाई-मेंढ्यांच्या चराईसाठी खुली. घोडे-गाढवांसाठी नेमलेली जागा सुमारे २ कोटी ७० लाख एकर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. त्यातही बऱ्याच ठिकाणी गाई चरतातच. एका गाय-वासरासाठी महिन्याची फी कितीतरी वर्षं फक्त १.३५ डॉलर होती. मग झरे फक्त घोड्यांनीच तुडवले का? गाईंनी नाही? त्या गाईंचं पुढे काय होतं ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या मनात तो प्रश्न शेवटपर्यंत राहिला. पण तेवढ्याने घोड्यांचं गणित सुटत नाही. उद्या सगळ्या गाई काढल्या, तरी दुप्पट होण्याचा खेळ थांबत नाही, चार-दोन पाळ्या पुढे ढकलला जातो एवढंच.

जे कळप मोजले जात नाहीत त्यांचं काय होतं, हे २०१८ मध्ये ॲरिझोनात दिसलं. ती केंद्र सरकारची जमीन नव्हती, नावाहो लोकांच्या राखीव मुलखातली होती, पण दुष्काळ तोच होता. एक तळं आटत आलं. पाण्याच्या वासाने मोकाट घोडे चिखलात उतरले आणि रुतले. एकशे एक्क्याण्णव घोडे एका तळ्यात मेले. कुणी त्यांना मारलं नाही. कुणाच्या हातून हिंसा झाली नाही. मी ती बातमी वाचली त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीचं जेवणही मला गेलं नाही.

मग खात्याने काय काय केलं? सगळेच मार्ग चालून पाहिले.

पहिला मार्ग, जादा जनावरं पकडून बाहेर काढणं. ज्या विमानांविरुद्ध व्हेल्माबाई आयुष्यभर लढल्या, त्या विमानांच्या जागी १९७६ मध्ये हेलिकॉप्टरला परवानगी मिळाली, फक्त सरकारी कामापुरती. हेलिकॉप्टर कळपाला दरीतून हाकत आणतं, आणि वाड्याच्या तोंडाशी एक शिकवलेला घोडा सोडतात. तो धावत आत शिरतो, त्याच्यामागे बाकीचे शिरतात. आपल्या भाषेत फितूर घोडा. घाबरलेली जनावरं पडतात, पाय मोडतात, काही मरतात. आणि गंमत अशी, की काही काढले की उरलेल्यांना चारा जास्त मिळतो, त्यामुळे शिंगरं जास्त जगतात. वैज्ञानिकांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१३ च्या अहवालात खात्याला हेच सुनावलं: नुसतं काढत राहणं हे वाढीला खतपाणी घालणं आहे.

दुसरा मार्ग, पकडलेले घोडे लोकांना दत्तक देणं. १९७१ पासून अडीच लाखांहून जास्त जनावरं अशी घरी गेली. कोलोरॅडोच्या तुरुंगात तर १९८० च्या दशकात कैदी रानघोड्यांना माणसाळवू लागले. चोरी-मारामारीत शिक्षा झालेला माणूस आणि कधी माणूस न पाहिलेला घोडा, दोघं एका वाड्यात. मला यात शास्त्रदान दिसलं, हसू नका. पण दत्तक घेणारे पुढे कमी होत गेले. मग २०१९ पासून दत्तक घेणाऱ्यालाच सरकारने हजार डॉलर द्यायला सुरुवात केली. वर्षभर सांभाळलं की घोडा त्याच्या मालकीचा. काहींनी पैसे घेतले, वर्ष भरलं आणि घोडे बाजारात उभे केले. त्यातले काही कत्तलीसाठी खरेदी करणाऱ्यांच्या हाती गेले, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२१ मध्ये छापलं. अमेरिकेतले घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्येच बंद पडले होते, पण मेक्सिको आणि कॅनडाचा रस्ता उघडा होता. ज्या ट्रकमागे व्हेल्माबाई गेल्या, तो ट्रक फक्त लांबच्या गावाला जायला लागला.

तिसरा मार्ग, उरलेल्यांना पोसणं. १९७८ च्या दुरुस्तीनुसार ज्यांना घर मिळत नाही असे जादा घोडे ठार करण्याचा अधिकार कायद्यात आहे. पण संसद वर्षानुवर्षं अंदाजपत्रकात अट घालते, की धडधाकट जनावरं मारायला पैसा वापरायचा नाही. लोकमताचा रेटाच तसा आहे. म्हणून आज साठ हजारांहून जास्त घोडे-गाढवं सरकारी वाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत आहेत, बरीचशी कॅन्सस-ओक्लाहोमाकडे. त्यांच्यावर वर्षाला दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च होतो. या कामाच्या एकूण पैशातला दोन तृतीयांश यातच जातो. एका जनावरामागे वर्षाला साधारण दीड-पावणेदोन हजार डॉलर. घोडा पंचवीस वर्षं जगतो. आणि रानात? तिथे खात्याच्या हिशेबाने जागा सत्तावीस हजारांपेक्षाही कमी जनावरांना, आणि २०२० मध्ये होती सुमारे पंच्याण्णव हजार.

गाढवांची गोष्ट तर आणखी बोलकी. ग्रँड कॅनियनच्या प्रसिद्ध दरीत खाणवाल्यांनी सोडलेली गाढवं वाढली होती. ती झरे नासवत, रानमेंढ्यांचा चारा खात. ते राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे १९७१ चा कायदा तिथे लागू नव्हता. उद्यानाने बंदुकीने गाढवं संपवायचं ठरवलं. तेव्हा क्लीव्हलंड एमोरी या लेखकाच्या प्राणिमित्र संस्थेने कंबर कसली. १९७९ ते १९८१ मध्ये त्यांनी ५७७ गाढवं हेलिकॉप्टरला टांगून, एकेक करून, त्या खोल दरीतून वर काढली. टेक्सासमध्ये त्यांच्यासाठी शेत घेतलं. तिथे अजून जनावरं सांभाळली जातात. हे खरं अभयदान. वर काढताना फोटो निघाले, पण नंतर दररोज गवत टाकताना कोण फोटो काढतं?

आता माझी आणि लेकीची गोष्ट.

शनिवारी पहाटे ती एका स्वयंसेवी गटाबरोबर डोंगरात जायची. मी समजत होते, घोडे मोजायला. आमच्या घरासमोरचे घोडे केंद्राचे नसून राज्याच्या अखत्यारीतले. तिथे सुमारे तीन हजार घोडे आहेत आणि २०१९ पासून एक संस्था तिथे घोड्यांना गर्भ राहू नये म्हणून लस देते. पकडत नाहीत, हेलिकॉप्टर नाही. चालत जायचं, घोडी ओळखायची, आणि चाळीस-पन्नास पावलांवरून बंदुकीने छोटासा डार्ट मारायचा. तो टोचतो आणि गळून पडतो. वेचून परत आणतात. लेक प्रशिक्षण घेऊन हे काम करत होती.

"त्या लशीत असतं काय?" मी विचारलं.

ती जरा थांबली. मग म्हणाली, "आई, ती डुकरिणीच्या अंडाशयातून काढतात. कत्तलखान्यातून आणलेल्या."

मी ताट बाजूला सारलं. दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. जिच्या घरात कंद येत नाहीत, जी मुंगी फुंकरीने बाजूला करायला शिकली, तिने हे करावं?

लस काम कशी करते ते तिने नंतर मला कागदावर काढून दाखवलं. मादीच्या बीजाभोवती पातळ आवरण असतं. डुकरिणीच्या बीजाचं आवरण घोडीच्या अंगात टोचलं, की घोडीचं शरीर त्याच्याविरुद्ध तयारी करतं, आणि ती तयारी तिच्या स्वतःच्या बीजाच्या आवरणालाही चिकटते. गर्भ राहत नाही. परिणाम वर्षभर, मग पुन्हा टोचावी लागते. घोडीचा कळप सुटत नाही, घोडा तिला सोडत नाही. अटलांटिक किनाऱ्यावरच्या असाटीग बेटावर जे किर्कपॅट्रिक नावाच्या शास्त्रज्ञाने १९८८ पासून ही लस मोकाट घोड्यांवर वापरून पाहिली. तिथे कुणाला न पकडता, न मारता वाढ आटोक्यात आली. एक गोष्ट मात्र कुणी धरली नव्हती. वारंवार बाळंतपण टळल्यामुळे घोड्या जास्त वर्षं जगायला लागल्या. आपल्या आज्ज्यांची आठवण झाली मला, ज्यांनी दहा-दहा बाळंतपणं काढली.

"मला दुसरा मार्ग सांग, आई," लेक म्हणाली. "हेलिकॉप्टर? आयुष्यभर वाड्यात? मेक्सिकोचा ट्रक? की ॲरिझोनाचं तळं? यातला कोणता तुझ्या अहिंसेत बसतो?"

मी तिला कृत, कारित, अनुमोदित समजावलं. आपण स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेली पसंत केलेली, तिन्ही हिंसा आपल्याच खात्यात. ती म्हणाली, "डुक्कर त्या लशीसाठी मारत नाहीत, मांसासाठी मारतात. तरी अनुमोदना होते असं म्हण, मी नाही म्हणत नाही. पण काहीच न करणं हीसुद्धा अनुमोदनाच ना? तळ्यातल्या घोड्यांची?"

मला उत्तर आलं नाही. अजून पूर्ण आलेलं नाही. महाराजांना विचारणार आहे.

एवढं मात्र कळलं. आपण अभयदान हा एकदाचा खर्च धरतो. जीव सोडवला, पुण्य जमा झालं, वही बंद. पण हिशेबात दोन प्रकारचे खर्च असतात: एकदाच होणारा आणि दर वर्षी येणारा. अमेरिकेने पहिला खर्च मोठ्या मनाने केला, एकही विरोधी मत न पडता. दुसऱ्याची तरतूद केली नाही. चार दानांत अभयदानाबरोबर आहार आणि औषध का सांगितलं असेल, हे मला साठी उलटल्यावर नेवाडात समजलं. एक दिलं की बाकीची मागे येतातच.

आपले पूर्वज यात शहाणे होते. १८३२ मध्ये मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली तेव्हा लोक खवळून उठले, दंगल झाली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय या पारशी शेठजींनी आणि अमीचंद शहा यांनी मिळून मुंबईत पांजरपोळ उभी केली. जुन्या पांजरपोळी नुसत्या देणग्यांवर चालत नसत. व्यापारी आपल्या खरेदी-विक्रीवर ठरावीक लागा बांधून देत. माल विकला की जनावराचा चारा आपोआप बाजूला निघे. दर वर्षीच्या खर्चाला दर वर्षीचं उत्पन्न.

आणि आपण? आपल्या महिला मंडळाच्या जीवदया निधीचा हिशेब सोळा वर्षं माझ्याकडे आहे. महावीर जयंतीला जीव सोडवायचे म्हटलं की पेटी एका सकाळी भरते. त्याच जनावरांच्या वैरणीसाठी श्रावणात, मार्गशीर्षात फोन केला, की 'मागे दिले होते ना, ताई' असं ऐकावं लागतं. रागाने लिहीत नाही. मीही अशीच होते. सोडवलेली जनावरं टेम्पोतून पांजरपोळीत गेली, की पुढे मी एकदाही पाहायला गेले नव्हते. परत आल्यावर गेले. त्यांच्याकडे आमच्या जनावरांची वेगळी नोंदसुद्धा नव्हती. का असावी? आम्ही कधी विचारलं होतं?

नेवाडातल्या शेवटच्या महिन्यात मी एक काम केलं. डार्टची बंदूक मी हातात धरली नाही. पण त्या गटाची वही अगदी विस्कळीत होती. कोणती घोडी, कपाळावरची खूण कशी, पहिली मात्रा कधी, पुढची कधी. लेकीच्या टेबलावर बसून मी ती सगळी नोंद खतावणीसारखी लावून दिली. एकेका घोडीला एकेक पान. एकशे चाळीस पानं झाली. ही अनुमोदना झाली, मला ठाऊक आहे. प्रतिक्रमणात मी ती रोज म्हणते आणि माझ्याकडून लपवत नाही. पण त्या पानांतल्या एकाही घोडीला पुढच्या वर्षी हेलिकॉप्टरपुढे धावावं लागू नये, हेही मी त्याच वेळी म्हणते.

आता आपल्या मंडळासाठी एक नवी वही घातली आहे. एका जनावराला एक पान. त्याच्या वैरणीला महिन्याला किती लागतं ते पांजरपोळीतून विचारून वर लिहिलं आहे. खाली बारा रकाने आहेत. ज्यांना पान घ्यायचं त्यांनी बारा महिन्यांसाठी घ्यावं, दोघी-तिघींनी मिळून घेतलं तरी चालेल. आतापर्यंत नऊ पानं लागली आहेत. अठ्ठावीस कोरी आहेत.

येत्या महावीर जयंतीला आणखी जीव सोडवण्याआधी ती अठ्ठावीस भरूया, असं मी बैठकीत मांडणार आहे. कुणाला हे पटणार नाही, त्यांनी बैठकीत जरूर बोलावं. मी वही घेऊन येते.